कोटेशन पाठवले, पुढे काय?

हिंजवडीच्या पाठीमागे, माणच्या रस्त्याला माझे एक लहानसे वर्कशॉप आहे. लहानसे म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन वेल्डिंग मशिन, एक कटर, एक बेंडिंग मशिन आणि माझ्यासह नऊ माणसे. शेडच्या दारात उभे राहिले की राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या काचेच्या इमारती दिसतात. तिथे बसून हजारो तरुण मुलेमुली संगणकावर साऱ्या जगाची कामे करतात. आता संगणकावर काम करणाऱ्या माणसालाही जेवणाचा डबा कुठेतरी ठेवावा लागतो, सायकल उभी करावी लागते आणि वायरींची भेंडोळी कशावरून तरी न्यावी लागतात. अशा वेळी त्यांना आमची आठवण होते. डब्यांचे रॅक, सायकल स्टँड, केबल ट्रे, स्टोअररूमची कपाटे अशी कामे आम्ही करतो.

आठवण झाली की एन्क्वायरी येते. मग मी टेप घेऊन जातो, गेटवरच्या वहीत नाव लिहितो, गळ्यात व्हिजिटरचे कार्ड अडकवून मापे घेतो आणि रात्री जेवण झाल्यावर घरच्या टेबलावर हिशेब मांडतो. पत्र्याची लांबी व रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ७.८५ ने गुणले की वजन किलोत निघते. त्यावर कटिंगमधली घट, मजुरी, पावडर कोटिंग, टेम्पोचे भाडे, बसवण्याचा खर्च आणि शेवटी आपला नफा. नफ्याचा आकडा लिहिताना पेन्सिल जरा हळू चालते. तो जास्त धरला तर काम जाते, कमी धरला तर काम येते पण घरात काही उरत नाही. सकाळी सौ. हे सगळे नीट टाईप करते आणि कोटेशन रवाना होते.

आणि मग काहीच होत नाही.

होकार येत नाही, नकार येत नाही, पोच येत नाही. ज्या माणसाने चार वेळा फोन करून 'कोटेशन आजच पाहिजे' म्हणून घाई केलेली असते, तो माणूस एकदम अदृश्य होतो. ज्यांच्या घरात कोणी लहानसहान धंदा करते, त्यांना ही शांतता चांगली ठाऊक असेल. तिच्याविषयी, आणि ती मोडण्यासाठी लिहायच्या चार ओळींविषयी, आज थोडे लिहावेसे वाटते.

पूर्वी माझे मत असे होते, की कोटेशन दिल्यावर आपण गप्प बसावे. २०११ सालची गोष्ट. मार्च महिना सुरू झाला होता. इथल्याच एका कंपनीने ४० रॅकसाठी कोटेशन मागवले. आमच्या मानाने काम मोठे होते. कोटेशन गेले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सौ. म्हणाली, "अहो, एक पत्र तरी टाका."

मी म्हणालो, "गरज त्यांना आहे. हवं असेल तर बोलावतील. आपण मागे लागलो तर त्यांना वाटेल, याच्याकडे काम नाही."

खरे म्हणजे त्या वेळी काम नव्हतेच. पण ते कुणाला कळू द्यायचे नव्हते.

एप्रिलमध्ये म्हातोबाची यात्रा झाली, बगाड वाकडला गेले. त्यानंतर आठेक दिवसांनी चहाच्या टपरीवर त्या कंपनीच्या स्टोअरमधला माणूस भेटला. मला पाहून तोच म्हणाला, "शेठ, तुमचा भाव सगळ्यात कमी नव्हता, पण तुमचं काम साहेबांनी दुसरीकडे बघितलं होतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की ऑफिस चालू असतं, तर रात्री येऊन रॅक बसवून द्याल का. म्हटलं, तुमचा फोन येईल तेव्हा विचारू. तुमचा आलाच नाही. ज्याचा आला त्याला काम गेलं."

"मग तुम्ही का नाही केला फोन?" मी जरा चिडूनच विचारले.

"शेठ, मार्चमध्ये माझ्या टेबलावर साठ कोटेशनं पडली होती."

त्या महिन्यात मला दोन पोरांना घरी बसवावे लागले. पुढे काम आल्यावर एक परत आला, दुसरा आला नाही. तो फार चांगला वेल्डर होता. त्याने ओढलेला वेल्ड घासावा लागत नसे. आता चाकणकडे कुठेतरी असतो म्हणतात. रात्री येऊन रॅक बसवून देणे आम्हाला मुळीच अवघड नव्हते. ते सांगायला एक ओळ पुरली असती. ती ओळ मी माझ्या ताठ्यापायी लिहिली नाही आणि त्याची किंमत त्या पोराने मोजली.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली, की कोटेशननंतरचे मौन म्हणजे नकार नसतो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मौन म्हणजे संमती, असे आपल्याकडे म्हणतात. धंद्यात मात्र त्यावर विसंबून चालत नाही. इंग्लंडमधल्या फेल्टहाउस नावाच्या एका काकांना हे कोर्टात जाऊन कळले. त्यांना पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. त्यांनी पुतण्याला लिहिले, की तुझ्याकडून काही कळले नाही तर तीस पौंड पंधरा शिलिंगला घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. द्यायचा त्याच्या मनात होता. आपल्या मालाचा लिलाव करणाऱ्याला त्याने हा घोडा विकू नका असे सांगितलेही होते. पण लिलाववाल्याने चुकून तो विकून टाकला. काका त्याच्यावर कोर्टात गेले. १८६२ साली निकाल लागला, तो काकांच्या विरुद्ध. उत्तर न देणे म्हणजे होकार देणे नव्हे, सबब घोडा काकांचा झालाच नव्हता. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात.

म्हणजे मौन हा होकार नाही आणि माझ्या अनुभवाने नकारही नाही. मग ते असते तरी काय? बहुतेक वेळा ते नुसते राहून गेलेले असते. साहेब रजेवर असतात, बजेट वरून मंजूर व्हायचे असते, तिसरे कोटेशन आलेले नसते, किंवा एखादी बारीकशी शंका असते आणि ती विचारण्याइतकी कुणालाच सवड नसते. कागद ढिगाच्या तळाशी जातो. तो वर काढण्याचे काम ज्याचा कागद आहे त्यानेच करायचे.

ते कसे करायचे, हे मात्र मला लगेच कळले नाही. २०११ च्या धक्क्यानंतर मी पत्रे पाठवण्याचा सपाटाच लावला. 'आमच्या अमुक तारखेच्या कोटेशनचा विचार झाला काय? कृपया त्वरित कळवावे.' आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा, खाली रेघ मारून. उत्तरे येईनात. एके दिवशी सौ. टाईप करता करता थांबली आणि म्हणाली, "अहो, यात सगळं आपलंच रडगाणं आहे. त्यांच्या कामाचं एक वाक्य नाही."

तिचे म्हणणे बरोबर होते. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, तगादा आणि पाठपुरावा. तगादा उधारी वसूल करणाऱ्याचा. त्यात मागणाऱ्याची गरज तेवढी असते. पाठपुरावा हाती घेतलेल्या कामाचा. त्यात ते काम दोघांचे असते. माझी पत्रे म्हणजे तगादा होता, आणि तोही अशा माणसाकडे, जो माझे एक पैशाचे देणे लागत नव्हता. माझे पत्र वाचून त्याला काय मिळत होते? एक काम वाढत होते, एवढेच.

गिऱ्हाइकाच्या मौनात काय दडलेले असते ते ओळखून त्याचे उत्तर द्यायचे, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. तिथे नुसते 'नांगर घेता का, नांगर घेता का' म्हणून काय उपयोग होणार? शेतकऱ्याच्या मनात भीती होती. नांगर चालताना दिसला, पीक दिसले, तेव्हाच ती गेली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवावी म्हणून काढलेले ते पत्रक. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचे इतके काही येऊ लागले की त्याचे मासिक झाले, १९२९ पासून ते नुसते 'किर्लोस्कर' म्हणून ओळखले जाऊ लागले, पाठोपाठ 'स्त्री' आणि 'मनोहर' आले. आज साठी ओलांडलेल्या अनेक वाचकांच्या घरी ही मासिके येत असतील. गिऱ्हाइकाला पाठवायच्या कागदातून मराठी घराघरांत वाचली जाणारी मासिके उभी राहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमचा पसारा केवढा आणि त्यांचा केवढा! पण धडा घ्यायला हरकत नाही. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. पत्रात वाचणाऱ्याच्या उपयोगाची एक तरी नवी गोष्ट असली पाहिजे. ती नसेल तर पत्र पाठवायचे नाही. अलीकडेच पाठवलेले एक पत्र नमुन्यादाखल देतो.

'आपल्याकडे मापे घेतली तेव्हा खिडकीखालचा पाईप मी हिशेबात धरला नव्हता. रॅकची खोली दोन इंच कमी केल्यास अडचण येणार नाही. सुधारलेले चित्र सोबत जोडले आहे. दरात फरक नाही. काम रात्री अथवा रविवारी करून देऊ, म्हणजे ऑफिस बंद ठेवावे लागणार नाही. आमचे दर या महिनाअखेरपर्यंत कायम आहेत. काम दुसरीकडे दिले असल्यास अथवा रद्द झाले असल्यास तसे एका ओळीत कळवावे, म्हणजे आपणांस पुन्हा त्रास देणार नाही. कळावे.'

पहिले पत्र आठवड्याने, दुसरे मुदत संपायच्या चार दिवस आधी, तिसरे मुदत संपल्यावर, 'फाईल बंद करतो, पुढे कधी काम निघाले तर अवश्य सांगा' एवढेच सांगणारे. चौथे नाही. सरकारी टेंडर असेल तर एकही नाही. टेंडर उघडून छाननी चालू असताना अधिकाऱ्याला पत्रे पाठवणे म्हणजे वशिला लावणे, आणि ते आपल्याच अंगाशी येते.

मुदतीची ओळ मी कधी चुकवत नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे आणि तो सांगतो, की प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपताच प्रस्ताव संपतो, दिली नसेल तर वाजवी काळाने संपतो. आता वाजवी म्हणजे किती, यावर वाद घालायला माझ्याकडे वकील नाही. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव असे काही चढले की देशात ते आवरावेत म्हणून केंद्र सरकारला मे २०२२ मध्ये पोलादाच्या अनेक प्रकारांवर निर्यातकर बसवावा लागला. नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला. त्या चढत्या काळात चार महिने जुने, मुदत न लिहिलेले माझे एक कोटेशन एका गिऱ्हाइकाने अचानक 'मंजूर' म्हणून परत पाठवले. मी शब्द राखला आणि नुकसान सोसले. पाठपुरावा केला असता तर भाव बदलल्याचे आधीच सांगता आले असते. तेव्हा हे पत्र फक्त काम मिळवण्यासाठी नसते, नको त्या दराने काम गळ्यात पडू नये म्हणूनही असते.

त्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर माझे एक स्नेही फार नाराज आहेत. त्यांचा पंपांचा धंदा आहे. ते म्हणतात, "गिऱ्हाइकाला नकाराचं दार तुम्ही स्वतःहून कशाला दाखवता? 'नाही' म्हणेपर्यंत आशा असते." मला हे पटत नाही. त्या आशेवर माझी माणसे जगत नाहीत. उत्तर नाही म्हणून मी पत्रा घेऊन ठेवतो, दुसरे काम पुढे ढकलतो, माणसे धरून ठेवतो. 'नाही' कळले की मी मोकळा होतो. आणि गंमत अशी, की ती ओळ लिहायला लागल्यापासून उत्तरे येऊ लागली. नकार द्यायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून ते गप्प बसतात. तो संकोच आपण काढून घेतला की माणूस बोलतो.

२०२० साली मार्चनंतर हिंजवडी ओस पडली. ऑफिसे घरी गेली, टपऱ्या बंद झाल्या. माझी सात कोटेशने बाहेर होती. मी सगळ्यांना पत्रे लिहिली. या वेळी विकण्यासारखे काहीच नव्हते. एवढेच लिहिले, की अशा दिवसांत कामाचा आग्रह नाही, रद्द असेल तर कळवा, आणि आधी बसवलेल्या कशाची दुरुस्ती लागली तर शेड उघडेल तेव्हा करून देऊ. एका पर्चेस ऑफिसरचे उत्तर आले. त्यांनी लिहिले होते, की आम्ही तो मजलाच सोडत आहोत, माझीही नोकरी राहील असे दिसत नाही, पण तुम्ही विचारलेत, बरे वाटले. दोन वर्षांनी ऑफिसे पुन्हा भरू लागली, तेव्हा हे गृहस्थ दुसऱ्या कंपनीत होते. त्यांनीच फोन करून ६० लॉकरची ऑर्डर दिली.

इतके सांगितल्यावर कुणाला वाटेल, की हा माणूस या विषयात फार शहाणा झाला. म्हणून आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच वाटतो.

गेल्या वर्षी मुलीचे लग्न ठरले. तुळशीचे लग्न झाल्यानंतरची तारीख धरली होती. जेवणासाठी तीन केटरर्सकडून कोटेशने मागवली. तिघेही घरी येऊन गेले. आम्ही त्यांना मेनूवरून पुष्कळ पिडले. बासुंदी की जिलबी, मसालेभात की पुलाव, पाने किती, वाढपी किती. एकाचे नक्की केले आणि मंडप, आहेर, पत्रिका यांत बुडून गेलो. उरलेल्या दोघांना कळवायचे राहून गेले. तीन आठवडे झाले. एके संध्याकाळी त्यांतल्या एकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. सौ.ने मोठ्याने वाचून दाखवला.

'साहेब, मुलीच्या लग्नाच्या जेवणाचं कोटेशन दिलं होतं. तारीख तुमच्यासाठी अजून धरून ठेवली आहे. त्याच दिवसासाठी दुसरं एक काम विचारत आहेत. तुमचं ठरलं नसेल तर मी थांबतो. दुसरीकडे ठरलं असेल तर तेही चांगलंच आहे, फक्त कळवा. मुलीला आशीर्वाद.'

सौ.ने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, आणि बोलण्याची गरजही नव्हती. लग्नसराईतली एक तारीख म्हणजे त्या माणसाच्या वर्षभराच्या कमाईतला केवढा तरी हिस्सा. आचारी आणि वाढपी धरले तर वीस-पंचवीस घरे त्या दिवसावर अवलंबून. आणि तो दिवस मी तीन आठवडे अडवून बसलो होतो. दुष्टपणाने नव्हे, नुसता राहून गेला म्हणून. त्या स्टोअरमधल्या माणसाची साठ कोटेशने मला त्या क्षणी समजली.

मी लगेच लिहिले, की क्षमा करा, दुसरीकडे ठरले आहे, कळवायला उशीर झाला. दोनच मिनिटांत उत्तर आले. 'कळवलंत, बरं झालं साहेब. ती तारीख आत्ता देऊन टाकतो.'

आपण सगळेच कधी कोटेशन देणारे असतो, कधी घेणारे. घराला रंग काढायचा असतो, स्वयंपाकघरात ट्रॉली बसवायच्या असतात, गच्चीवर सोलर हवे असते, सहलीला जायचे असते. चार ठिकाणी विचारावे हे शहाणपणाचेच आहे, आणि एकालाच काम द्यायचे हेही उघड आहे. पण उरलेल्या तिघांनी आपल्यासाठी मापे घेतलेली असतात, रात्री बसून आकडे मांडलेले असतात. ज्याला काम द्यायचे नाही त्याला तसे सांगायला आपले काहीच खर्च होत नाही. धंदा करणाऱ्याने चांगले पत्र लिहायला शिकावे, हे तर खरेच. पण त्या पत्राला उत्तर देणे हा व्यवहाराचा दुसरा निम्मा भाग आहे, आणि तो घराघरांतून शिकायचा आहे.

त्या संध्याकाळी मी तिसऱ्या केटररलाही निरोप पाठवला. त्याच्याकडून आम्हाला पत्र नव्हते, फोनही नव्हता. गरज असेल तर बोलावतील, असे म्हणून तो बसला असेल. मीही २०११ साली तसाच बसलो होतो.